आरोग्य बचत खात्याचे दोन हिशेब : नोंदी का जुळत नाहीत, याचा इतिहास

प्रस्तावना

प्रस्तुत पाठात आपण अमेरिकेच्या करव्यवस्थेतील एका हिशेबी प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. प्रश्न वरवर पाहता लहान आहे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या अनेकांचे आरोग्य बचत खाते असते. तिकडे त्याला 'एचएसए' म्हणतात. वर्ष संपल्यावर या खात्यात किती रक्कम जमा झाली हे सांगणारे दोन कागद खातेदाराच्या हाती येतात. एक मालकाकडून येतो, तर दुसरा खाते सांभाळणाऱ्या बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून. पुष्कळदा या दोन कागदांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

आकडे जुळले नाहीत की माणूस गोंधळतो. आपल्या हातून काही चुकले असे त्याला वाटते. मग तो घाबरून खात्यातील रक्कम काढतो, नाहीतर न लागणारा दंडकर भरून मोकळा होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही कागद बरोबर असतात. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात, इतकेच. असे का झाले, हे त्या कागदांच्या जन्मकथेतून कळते.

हा विषय आपल्यापासून फार दूर आहे असे समजू नका. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या राज्यांत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतील अनेकांना दरवर्षी या कागदांशी गाठ घालावी लागते. शिवाय पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथील कार्यालयांतून अमेरिकी पगारपत्रके आणि विवरणपत्रे तयार करण्याचे काम चालते. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला तिथे हा ताळा करावा लागू शकतो.

१. विमा पगाराला कसा चिकटला

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करावी लागते. युद्धकाळात महागाई आवरण्यासाठी १९४२ साली अमेरिकी काँग्रेसने स्थिरीकरण कायदा केला आणि पगारवाढीवर निर्बंध आले. कामगार तर टिकवायचे होते. विम्यासारख्या सवलती वाजवी मर्यादेत 'पगार' धरल्या जात नव्हत्या. त्यामुळे मालकांनी पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली. पुढे १९५४ च्या प्राप्तिकर संहितेने मालकाने भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता नोकराच्या करपात्र उत्पन्नातून स्पष्टपणे वगळला.

याचा परिणाम दूरगामी झाला. आरोग्याचा खर्च हा पगारपत्रकाचा विषय बनला. आजारपणाच्या खर्चावर करसवलत हवी असेल तर ती मालकाच्या हातून मिळवणे फायद्याचे ठरले. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण नंतरच्या सगळ्या गुंतागुंतीचे मूळ येथे आहे.

२. हिशेबाच्या दोन परंपरा

याच काळात पगारपत्रकाची परंपरा पक्की झाली. १९४३ च्या चालू करभरणा कायद्याने पगारातूनच प्राप्तिकर कापून घेण्याची पद्धत १ जुलै १९४३ पासून सुरू झाली. त्यासोबत वर्षअखेरीस नोकराला पगार व कपातीचा दाखला देणे आले. आजचा 'डब्ल्यू-२' हा दाखला त्याच परंपरेतला आहे. आपल्याकडील फॉर्म १६ शी त्याचे बरेच साम्य आहे. मालकाने तो ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो. त्याचे वर्ष म्हणजे कॅलेंडर वर्ष, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर.

दुसरी परंपरा १९७४ साली आली. निवृत्तिवेतनविषयक 'एरिसा' या कायद्याने व्यक्तिगत निवृत्ती खाते निर्माण केले. हे खाते व्यक्तीच्या नावावर असते आणि एक विश्वस्त संस्था ते सांभाळते. पुढे येथे एक सवलत रुळली: मागील वर्षाची रक्कम पुढच्या वर्षी विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, म्हणजे साधारण १५ एप्रिलपर्यंत, भरता येते. म्हणजे या खात्याचे 'वर्ष' बारा महिन्यांचे नसून साडेपंधरा महिन्यांचे झाले. एप्रिलपर्यंत भरणा चालू असल्यामुळे संस्थेचा अंतिम दाखला त्यानंतर, मे महिन्यात निघतो.

मधल्या काळात आणखी एक दुवा जोडला गेला. १९७८ च्या महसूल कायद्याने प्राप्तिकर संहितेत कलम १२५ आणले. या कलमाखालील योजनेला बोलीत 'कॅफेटेरिया योजना' म्हणतात. नोकराने स्वतःच्या पगारातून काही रक्कम ठरावीक सवलतींसाठी वळवली, तर ती रक्कम कराच्या दृष्टीने मालकाने दिलेली मानली जाते. पैसा नोकराच्या कष्टाचा, पण कायद्याच्या नजरेत मालकाचा! पुढे होणाऱ्या गोंधळाचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

३. आर्चर खाते : एक मर्यादित प्रयोग

आरोग्यासाठी वेगळे बचत खाते ही कल्पना जगात प्रथम अमेरिकेत अमलात आली नाही. सिंगापूरने १९८४ साली 'मेडिसेव्ह' योजना सुरू केली होती. अमेरिकेत या कल्पनेचा पाठपुरावा करणाऱ्यांत अर्थतज्ज्ञ जॉन गुडमन आणि विमा व्यावसायिक पॅट्रिक रूनी ही नावे पुढे होती. त्यांचा युक्तिवाद असा की, खर्च विमा कंपनीच्या खिशातून होतो म्हणून रुग्ण किंमत विचारत नाही. मोठ्या आजारासाठी विमा ठेवावा, लहान खर्च स्वतःच्या बचतीतून करावा, म्हणजे खर्चाला आळा बसेल. टीकाकारांचे म्हणणे होते की, असे खाते धडधाकट आणि सुस्थितीतील लोकांनाच परवडेल. रँड संस्थेच्या गाजलेल्या आरोग्य विमा प्रयोगाचा आधार दोन्ही बाजू घेत. खिशातून खर्च करावा लागला की लोक उपचार कमी घेतात, असे त्यात दिसले. पण आवश्यक आणि अनावश्यक असे दोन्ही प्रकारचे उपचार कमी होतात, हेही दिसले.

१९९६ साली 'हिपा' कायद्यात या कल्पनेला प्रायोगिक जागा मिळाली. पन्नासपर्यंत कर्मचारी असलेले छोटे मालक आणि स्वयंरोजगारी व्यक्ती यांनाच हे वैद्यकीय बचत खाते उघडता येत होते. प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचे तेव्हाचे अध्यक्ष बिल आर्चर यांचे नाव पुढे या खात्याला देण्यात आले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने आर्चर खात्याचा एक नियम फार महत्त्वाचा आहे. एका वर्षात त्या खात्यात मालकाने रक्कम भरावी किंवा नोकराने भरावी. दोघांनी मिळून भरता येत नसे. नियम जाचक होता खरा, पण त्यामुळे हिशेब सरळ राहत असे. पैसा एकाच वाटेने येत असल्याने दोन वाटांची बेरीज करण्याचा प्रसंगच येत नसे.

४. २००३ चा कायदा आणि मोकळी झालेली दारे

आरोग्य बचत खाते जन्माला आले ते वृद्धांच्या औषधखर्चासाठी केलेल्या एका मोठ्या कायद्याच्या पोटात. नोव्हेंबर २००३ मध्ये प्रतिनिधिगृहात त्या विधेयकावरचे मतदान जवळजवळ तीन तास चालू ठेवण्यात आले आणि ते २२० विरुद्ध २१५ मतांनी संमत झाले. ८ डिसेंबर २००३ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी २००४ पासून नवे खाते लागू झाले. प्राप्तिकर संहितेत त्यासाठी कलम २२३ आले.

नव्या खात्याने आर्चर खात्याची बंधने काढून टाकली. ठरावीक प्रकारचा जास्त स्वखर्चाचा विमा असलेल्या व्यक्तीला, इतर अटी पाळून, हे खाते उघडता येते. त्यात मालक रक्कम भरू शकतो, नोकर पगारातून भरू शकतो, स्वतःच्या बँकेतून थेट भरू शकतो, घरातील दुसरे कोणीही भरू शकते. आणि हे सर्व एकाच वर्षात चालते. निवृत्ती खात्याप्रमाणे एप्रिलपर्यंतची मुदतही मिळाली. म्हणजे पगारपत्रकाची परंपरा आणि निवृत्ती खात्याची परंपरा एकाच खात्यात एकत्र आल्या. सवलत वाढली, तशी हिशेबाची जबाबदारीही वाढली.

ती जबाबदारी कोणावर आली? मालक फक्त आपल्या पगारपत्रकातून गेलेली रक्कम जाणतो. वित्तसंस्था फक्त आपल्याकडे आलेली रक्कम जाणते. खातेदार वर्षभर पात्र होता का, त्याची दुसरी खाती आहेत का, पती किंवा पत्नीच्या खात्यात किती गेले, हे सर्व फक्त खातेदाराला ठाऊक असते. म्हणून ताळा करण्याचे काम शेवटी त्याच्यावरच आले.

५. आकडे का जुळत नाहीत

आता तुमच्या समोर तीन कागद आहेत असे समजा. पहिला डब्ल्यू-२, त्याच्या १२ क्रमांकाच्या चौकटीत 'डब्ल्यू' या संकेताखाली एक रक्कम असते. दुसरा वित्तसंस्थेचा फॉर्म ५४९८-एसए. त्याच्या दुसऱ्या चौकटीत त्या कॅलेंडर वर्षात आलेली एकूण रक्कम आणि तिसऱ्या चौकटीत पुढच्या वर्षी, पण मागील वर्षासाठी भरलेली रक्कम असते. तिसरा तुम्ही स्वतः भरायचा फॉर्म ८८८९. न जुळण्याची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण शब्दाचे आहे. 'डब्ल्यू' संकेताखालील रकमेला 'मालकाचा भरणा' म्हणतात. पण कलम १२५ मुळे पगारातून कापलेली तुमची रक्कमही त्यातच असते. हे ठाऊक नसलेला माणूस तीच रक्कम 'माझा भरणा' म्हणून पुन्हा लिहितो.

दुसरे कारण वर्षाचे आहे. फेब्रुवारीत मागील वर्षासाठी भरलेली रक्कम मागील वर्षाच्या फॉर्मच्या तिसऱ्या चौकटीत दिसते आणि चालू वर्षाच्या फॉर्मच्या दुसऱ्या चौकटीतही दिसते. ही दुबार रक्कम नव्हे. एकच रक्कम दोन बाजूंनी पाहिलेली आहे.

तिसरे कारण वाटेतल्या दिवसांचे आहे. डिसेंबरच्या पगारातून कापलेली रक्कम वित्तसंस्थेकडे जानेवारीत पोहोचली आणि ती कोणत्या वर्षाची हे मालकाने कळवले नाही, तर संस्था तिची नोंद नव्या वर्षात करते.

चौथे कारण कुटुंबाचे आहे. खाते नेहमी एका व्यक्तीचे असते, पण कौटुंबिक विम्याची मर्यादा पतिपत्नींना मिळून एकच असते. दोघांचे कागद आपापल्या जागी बिनचूक असूनही बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते.

पाचवे कारण राज्यांचे आहे. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्ये आपल्या प्राप्तिकरासाठी या खात्याची सवलत मानत नाहीत. त्यामुळे तेथील नोकरदाराच्या डब्ल्यू-२ वर केंद्राचा पगार आणि राज्याचा पगार असे दोन आकडे वेगळे दिसतात. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. तो 'दुरुस्त' करायला जाऊ नये.

६. एक उदाहरण

आता काल्पनिक पण नियमाला धरून असलेले एक उदाहरण सोडवून पाहू. वर्ष २०२४. व्यक्ती एकटी, वय पंचावन्नच्या आत, वर्षभर पात्र. मर्यादा ४,१५० डॉलर. मालकाने स्वतःकडून १,००० डॉलर भरले. पगारातून २,४०० डॉलर कापले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने २०२३ सालासाठी ३०० डॉलर थेट भरले होते. मार्च २०२५ मध्ये २०२४ सालासाठी ७५० डॉलर थेट भरले.

डब्ल्यू-२ वर १,००० अधिक २,४००, म्हणजे ३,४०० डॉलर दिसतील. ५४९८-एसए च्या दुसऱ्या चौकटीत ३,४०० अधिक ३००, म्हणजे ३,७०० दिसतील आणि तिसऱ्या चौकटीत ७५०. आता ३,४०० आणि ३,७०० जुळत नाहीत, म्हणून घाबरायचे का? नाही. ३,७०० मधून आधीच्या वर्षाचे ३०० वजा करा आणि नंतर भरलेले ७५० मिळवा. उत्तर ४,१५० येते. दुसऱ्या बाजूने ३,४०० अधिक ७५०, तेही ४,१५०. ताळा बसला.

फॉर्म ८८८९ वर ३,४०० डॉलर मालकाच्या भरण्याच्या ९ क्रमांकाच्या ओळीत जातील आणि फक्त ७५० डॉलर स्वतःच्या भरण्याच्या २ क्रमांकाच्या ओळीत. समजा, तिने २ क्रमांकाच्या ओळीत चुकून २,४०० अधिक ७५०, म्हणजे ३,१५० लिहिले. मग एकूण भरणा ६,५५० दिसेल आणि २,४०० डॉलर मर्यादेबाहेर गेल्यासारखे वाटतील. जादा रकमेवर ६ टक्के दंडकर असतो. म्हणजे १४४ डॉलर, आणि जादा रक्कम तशीच राहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. त्याहून वाईट म्हणजे, ती २,४०० डॉलर खात्यातून काढून बसली, तर ती रक्कम वैद्यकीय खर्चाची नसल्यामुळे करपात्र होऊ शकते आणि वर २० टक्के, म्हणजे ४८० डॉलर, जादा कर लागू शकतो.

यावरून पहिला नियम घ्या : कागदावरची चूक कागदावरच दुरुस्त करावी. ताळा पूर्ण झाल्याशिवाय खात्यातला पैसा हलवू नये.

७. खरोखरच चूक असेल तर

ताळा करूनही फरक उरला, तर तो कोणाचा हे ठरवावे लागते. त्यासाठी वर्षभराच्या पगारपावत्या आणि खात्याचा तारीखवार उतारा शेजारी ठेवून प्रत्येक नोंद खूण करत जावी. आपल्या जुन्या पेढ्यांतील मुनीम रोजकीर्द आणि खतावणी अशीच पडताळत.

डब्ल्यू-२ चुकला असेल तर मालकाकडून सुधारित दाखला मागावा. त्याला 'डब्ल्यू-२सी' म्हणतात. वित्तसंस्थेने रक्कम चुकीच्या वर्षात नोंदली असेल तर तिच्याकडून सुधारित ५४९८-एसए मागावा. विवरणपत्र आधीच गेले असेल आणि त्यातील आकडा चुकला असेल, तर १०४०-एक्स हे सुधारित विवरणपत्र भरता येते.

मर्यादेपेक्षा खरोखर जास्त रक्कम गेली असेल तर ती, तिच्यावरील मिळकतीसह, विवरणपत्राच्या मुदतीच्या आत काढून घेतल्यास ६ टक्के दंडकर टळतो. अशा वेळी वित्तसंस्थेला ही 'जादा भरण्याची परतफेड' असल्याचे स्पष्ट कळवावे लागते. साधी रक्कम काढली तर तिची नोंद वेगळी होते.

मालकाच्या हातून चूक झाली तर काय, हा प्रश्न बराच काळ नाजूक होता. कारण एकदा खात्यात गेलेली रक्कम नोकराची होते. मालकाला ती परत घेता येत नाही, असा मूळ नियम आहे. २००८ साली करखात्याने काही अपवाद मान्य केले : नोकर मुळात कधी पात्रच नव्हता, किंवा भरणा कायद्याच्या कमाल मर्यादेबाहेर गेला, तर मालकाला दुरुस्ती करता येते. पुढे २०१८ च्या एका माहितीपत्रात करखात्याने कारकुनी चुकांची उदाहरणेही दिली. एकाच्या खात्यातली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जाणे, पगाराची फाइल दोनदा पाठवली जाणे, दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडणे, अशा चुकांचा स्पष्ट लेखी पुरावा असेल तर रक्कम परत करता येते. म्हणजे पगारपावत्या जपून ठेवणाऱ्या नोकराची बाजू येथे बळकट होते.

८. २०१८ : पन्नास डॉलरचा धडा

कधी चूक ना नोकराची असते, ना मालकाची. २०१८ सालासाठी कुटुंबाची मर्यादा ६,९०० डॉलर जाहीर झाली होती. डिसेंबर २०१७ च्या करसुधारणा कायद्याने महागाई मोजण्याचा निर्देशांक बदलला. त्यामुळे मार्च २०१८ मध्ये करखात्याने मर्यादा ६,८५० वर आणली. ज्यांनी जानेवारीतच पूर्ण रक्कम भरली होती त्यांचे ५० डॉलर एका रात्रीत 'जादा' ठरले. पन्नास डॉलरसाठी असंख्य पगारपत्रके बदलावी लागणार होती. तक्रारी आल्या आणि एप्रिल अखेरीस करखात्याने ६,९०० हीच मर्यादा मान्य केली. मधल्या काळात ज्यांनी शिस्तीने ५० डॉलर काढून घेतले होते, त्यांना ते परत भरण्याची मुभा द्यावी लागली. घाई करणाऱ्यांचा हिशेब दोनदा बदलला, थांबलेल्यांना काही करावे लागले नाही.

समारोप

आपल्याकडेही फॉर्म १६ आणि २६एएस यांतील आकडे कधी कधी जुळत नाहीत. पण २६एएस ही खतावणी प्राप्तिकर खातेच ठेवते, आणि नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहितीपत्रकही मिळू लागले. विवरणपत्र भरण्यापूर्वी करदाता ते पाहू शकतो. अमेरिकेतील खातेदाराचा डब्ल्यू-२ जानेवारीत येतो, विवरणपत्राची मुदत एप्रिलमध्ये संपते आणि वित्तसंस्थेचा अंतिम दाखला मे महिन्यात निघतो. उत्तरपत्रिका दिल्यानंतर प्रश्नपत्रिकेचे शेवटचे पान हाती यावे, तसा हा प्रकार आहे. १९४३ आणि १९७४ च्या दोन परंपरा एकत्र आणताना त्यांची वेळापत्रके मात्र जुळवली गेली नाहीत. त्याचा भार आजही सामान्य नोकरदार उचलतो आहे.

तेव्हा उद्या तुमच्या नातलगाचा फोन आला, किंवा कार्यालयात तुमच्या टेबलावर असे दोन कागद आले, तर 'चूक कोणाची' हा प्रश्न नंतर विचारा. 'हा आकडा कोणत्या वर्षाचा, आणि कोणाच्या वाटेने आलेला' हा प्रश्न आधी विचारा. बहुतेक फरक त्याच प्रश्नात मिटतात.

स्वाध्याय

१. आर्चर खात्यात नोंदींचा गोंधळ कमी का होता? २००३ च्या कायद्याने कोणता बदल केला?
२. पगारातून कापलेली नोकराची रक्कम 'मालकाचा भरणा' का मानली जाते, हे कलम १२५ च्या आधारे स्पष्ट करा.
३. पाठातील उदाहरणात मार्च २०२५ मधील भरणा ७५० ऐवजी ९०० डॉलर असता, तर जादा रक्कम किती झाली असती आणि ती कशी दुरुस्त करावी लागली असती?
४. 'ताळ्याची जबाबदारी खातेदारावर टाकणे न्याय्य आहे का?' भारतातील २६एएस व्यवस्थेशी तुलना करून आपले मत लिहा.